चोळीबांगडीचं शेत

आशाबाईंना एका जागी दहा मिनिटं बसवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. हर्सूलच्या कारागृहात तीस वर्षं महिला बराकीवर पहारा केलेली ही बाई. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण पाय अजून ड्यूटीवरच आहेत. पडेगावच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी सहाला त्यांची फेरी सुरू होते. गॅसची नळी, मागच्या दाराची कडी, नळ, आणि परत एकदा कडी. शेजारीण एकदा म्हणाली, "आशाबाई, घरात तुम्ही एकट्याच. पळून कोण जाणाराय?" आशाबाई हसल्या आणि जाता जाता पुन्हा कडी ओढून आल्या.

गेले आठ दिवस मात्र या फेऱ्यांना ताळतंत्र राहिलं नव्हतं. भाजीला फोडणी टाकून त्या अंगणात जात आणि कशाला आलो ते विसरत. कैद्यांच्या गिनतीत कधी एक माणूस कमी न भरू देणारी बाई, पण दूध दोनदा उतू गेलं. याला कारण सोनिया, त्यांची भाची, थोरल्या भावाची धाकटी लेक.

सोनिया शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला. पार्ट तपासायचं काम, तीन पाळ्या. आठ दिवसांपूर्वी ती कंपनीच्या कपड्यांतच आत्याकडं आली आणि चहा समोर ठेवायच्या आत म्हणाली, "आत्या, आपल्या शेतावर बोर्ड लागलाय. रोज बसमधून दिसतं मला. गोदाम व्हणार हाय म्हणं तिथं."

"कोणत्या शेतावर?"

"चोळीबांगडीच्या."

आता या शेताची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. फार मागं कुठल्याशा राजानं थोरल्या मुलाला गादी दिली आणि धाकट्याला काय द्यायचं म्हणून पाच गावं आणि 'राजे' हा किताब दिला. धाकट्यांची अशीच बोळवण करायची रीत होती. गादी एकाला, बाकीच्यांना पोटापुरतं आणि नावापुढं लावायला काहीतरी. या धाकट्या राजांनाही मुलं झाली. मुलग्यांनी गावं वाटून घेतली आणि सगळ्यांत धाकटी लेक उरली. तिला चोळीबांगडीसाठी म्हणून अकरा एकरांचं एक शेत आणि 'धाकट्या बाईसाहेब' हा मान मिळाला. अट एकच, शेत तिच्या सासरी जायचं नाही. तिनं खायचं आणि हात थकले की भावाच्या धाकट्या लेकीला द्यायचं. द्यायचं म्हणजे कागदबिगद काही नाही. आत्यानं आपल्या हातातली एक बांगडी काढायची, बांधावर उभं राहून भाचीच्या हातात घालायची आणि मागं न बघता घरी जायचं. असं ते शेत सहा पिढ्या बायकांच्या हातांवरून चालत आलं.

आणि मजा बघा. पुरुषांची पाच गावं जहागिरी मोडल्या तेव्हा सरकारजमा झाली. उरलीसुरली जमीन सिलिंगच्या कायद्यानं, वाटण्यांनी आणि दारूनं नेली. शेवटी राहिलं काय, तर बाईच्या बांगडीचं शेत. किताबही राहिला म्हणा, पण गावात 'काय राजे' अशी हाक मारताना आता लोक थोडं हसतात.

आशाबाई अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांच्या आत्यानं, मनकर्णाबाईंनी, त्यांना शेतावर नेलं होतं. मनकर्णाबाई हाडानं काटकुळ्या, आवाजानं खणखणीत. बांधावर त्यांनी स्वतःच्या मनगटावरची हिरवी बांगडी काढून आशाच्या हातात सरकवली. ती एवढी मोठी होती की कोपरापर्यंत गेली. "आता तू इथली बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "तुझा बाप राजे असंल गावाचा. या बांधाच्या आत त्यानं बी तुला इचारून पाय टाकायचा." पोरीला इतकं हसू आलं की ती बांगडी धरून त्या अकरा एकरांत धावत सुटली. पुढं लग्नानंतरही दरवर्षी भाऊबिजेला माहेरी गेलं की ताटात चोळीचा खण आणि हिरव्या बांगड्यांचा डझन असायचा आणि शेतातल्या पिकाची पहिली पाटी तिच्यापुढं येऊन पडायची.

मग एकोणीसशे एक्याण्णव साल आलं. आशाबाईंचे यजमान कारागृहातच शिपाई होते. ते तीन दिवसांच्या तापानं गेले. आशाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हतं. बायकांनी रीतीप्रमाणं हात मोकळे केले. त्या वर्षीच्या भाऊबिजेला त्या माहेरी गेल्या. भावानं ओवाळून घेतलं, डोक्यावर हात ठेवला, रडलासुद्धा. पण ताटात फिकट रंगाचं लुगडं होतं, बांगड्या नव्हत्या. पिकाची पाटीही आली नाही. कोणी काही बोललं नाही, आणि आशाबाईंना जे समजायचं ते समजलं. बांगडीचं शेत ज्या हाताचं, त्या हातात बांगडीच नाही, मग शेत कसलं! त्यांनी विचारलं नाही, भावानं सांगितलं नाही. पुढच्या वर्षी नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. मनगटावर घड्याळ आलं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला आणि शेताचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. त्या शेताकडं जाणारी वाटसुद्धा त्यांनी टाळली. चौतीस वर्षं टाळली.

म्हणून त्या दिवशी सोनियानं हात पुढं केला तेव्हा त्यांनी आपले हात पदराआड ओढले.

"आत्या, एक बांगडी घाल माझ्या हातात. मग विश्वजीतदादा इकू शकणार नाय. आज्जी सांगायची ना, बांगडीशिवाय ते शेत हालत नाय."

"अगं, माझ्या हातानं? मी कशी घालू तुला? तुझं लग्न व्हायचंय अजून."

"तूच घालायची असती. दुसरं कोण हाय?"

"माझा हात चालत नाय, सोनू. तुला नाय कळायचं."

सोनियानं वाद घातला नाही, आणि तेच वाईट झालं. तिनं हात मागं घेतला, चहा संपवला, बशी धुऊन ठेवली आणि म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'नं आशाबाईंची झोप उडवली. कैदी बायका भांडायच्या, शिव्या घालायच्या, ते त्यांना झेपायचं. पण एखादी बाई शहाण्यासारखी 'बरं' म्हणून भिंतीकडं वळली की आशाबाई त्या बराकीसमोर चार फेऱ्या जास्त मारायच्या.

आणि आठव्या दिवशी सकाळी दारात भावाची पांढरी गाडी उभी राहिली.

आप्पासाहेब गाडीतून उतरले. वय अडुसष्ट, धोतराला इस्त्री, चालण्यात गुडघेदुखी. गाडी त्यांचा मुलगा विश्वजीत चालवत होता. आप्पासाहेब बहिणीला एरवी 'आशा' म्हणत, रागावले की 'आशे' म्हणत. आज दारातूनच म्हणाले, "काय धाकट्या बाईसाहेब, चला, जरा शहरात जाऊन येऊ."

चौतीस वर्षांत हा मान त्यांच्या कानावर पडला नव्हता. आशाबाईंनी मागच्या दाराची कडी तीनदा बघितली.

गाडीत विश्वजीतनं समजावून सांगितलं. "आत्या, काय नाय. एक संमती लागती तुझी. तीन सह्या, अंगठा अन् एक फोटो. पंधरा मिनिटांत मोकळी. मग गुलमंडीवर नाश्ता करू."

"कशाची संमती?"

"घरच्या सगळ्यांचीच घ्यावी लागती गं. आता ह्या जमिनीत पिकतंय काय? चारी बाजूनं कंपन्या झाल्या."

आप्पासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चौतीस वर्षं मी राबलो तिथं, आशा. एक साल पडीक ठेवलं नाय. आता गुडघे ऐकत नायत." हे मात्र खोटं नव्हतं. पेरणीच्या दिवसांत भावाच्या तळहाताचे घट्टे आशाबाईंनी डोळ्यांनी बघितले होते. त्यांना वाईट वाटलं. पोरीचा पुढं केलेला हात एका डोळ्यासमोर आणि भावाचे गुडघे दुसऱ्या. त्यांनी गाडीतल्या गाडीत पाय हलवायला सुरुवात केली.

नोंदणी कार्यालयात नेहमीची गर्दी होती. आशाबाईंनी आत शिरल्या शिरल्या माणसं मोजली, एकेचाळीस. बाहेर जायचे दरवाजे दोन. त्या भिंतीपासून खिडकीपर्यंत जाऊन येत राहिल्या. विश्वजीत दोनदा म्हणाला, "आत्या, बस की." शेवटी नाव पुकारलं आणि त्याच्या वकिलानं टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवून जिथं सही करायची तिथं बोट ठेवलं.

इथं त्या लोकांचं चुकलं. कारागृहात तीस वर्षं काढलेल्या बाईला न मोजता, न वाचता सही करायला सांगू नये. बराक ताब्यात घेताना आधीची शिपाईण म्हणायची, "छप्पन आहेत, कर सही," आणि आशाबाई म्हणायच्या, "आधी मोजते." तसंच त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पान वर काढलं.

पहिल्या पानावर ठळक लिहिलं होतं, 'लिहून देणार', म्हणजे शेत विकणार. त्याखाली त्यांचं नाव होतं. फक्त त्यांचं. भावाचं नाव शोधत त्या पान उलटत गेल्या, ते कुठं सापडेना. शेवटी साक्षीदारांत सापडलं.

"पोरी," त्यांनी संगणकासमोर बसलेल्या मुलीला विचारलं, "शेत ह्यांचं. मग देणारी मी कशी?"

मुलीनं वर न बघता सातबारा पुढं सरकवला. "नाव तुमचंच आहे ना आजी. पंच्याहत्तर सालापासून. आशाबाई, अज्ञान, पालक वडील असं होतं. मग तुम्ही सज्ञान झालात, तसं अज्ञान काढून टाकलं. नुसतं तुमचं आहे."

पंच्याहत्तर. म्हणजे बांगडीचंच वर्ष. सिलिंगच्या भीतीनं वडिलांनी तेव्हा सगळ्या घरादाराच्या नावावर जमिनी चढवल्या होत्या, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं. पुढं बाकीच्या परत फिरवल्या. हे शेत मनकर्णाबाईंच्या धाकानं तसंच राहिलं असणार. सातबारा बघायचं काम घरात बायकांचं नव्हतं, त्यामुळं त्यांनी तो जन्मात पहिल्यांदा हातात धरला होता.

आशाबाईंनी त्या नावाखाली बोट ठेवलं. "आणि हे... एक्याण्णव साली माझे मालक वारले. तेव्हा नाही कमी केलं नाव?"

आता मुलीनं मान वर केली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "नवऱ्याचा काय संबंध, आजी?"

पोरगी साधंच बोलली. तिच्यामागं रांग होती, तिला पुढचं काम उरकायचं होतं. पण आशाबाईंनी सातबाऱ्यावरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं. चौतीस वर्षं! चौतीस वर्षं ज्या वाटेनं त्या गेल्या नाहीत ती वाट त्यांचीच होती. हात मोकळे केले तेव्हा बायकांनी फक्त काच काढली होती, बाकीचं सगळं त्यांनी आपल्या हातानं काढून दिलं होतं, कोणी मागितलंसुद्धा नसताना. त्यांना राग आला. भावाचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

"आत्या, अंगठा," विश्वजीत म्हणाला.

"दादा, तुला ठाऊक होतं?" त्यांनी भावाला विचारलं.

आप्पासाहेबांनी काठीची मूठ चोळली. "कागदावर काय गं, काय बी असतंय. रीत तर तुला बी ठाऊक होती. तू तरी कधी इचारलंस का?"

ते खरं होतं. आशाबाईंनी सातबाऱ्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि दोनपैकी जवळच्या दरवाज्यानं बाहेर पडल्या. गुडघे धरून भाऊ उठेपर्यंत आणि विश्वजीत वकिलाशी बोलेपर्यंत त्या रस्ता ओलांडून रिक्षात बसल्या होत्या.

गुलमंडीच्या एका बोळात फकिरा कासाराचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, मागं बांगड्यांची चळत आणि पुढं एक उशी. म्हातारा आशाबाईंच्या रिकाम्या कपाळाकडं बघून म्हणाला, "लेकीसाठी का सुनेसाठी?"

"माझ्यासाठी. हिरव्या, काचेच्या."

फकिरानं उशी पुढं सरकवली. एवढी वर्षं बायकांचे हात दाबून माप काढलेला माणूस, त्याला विचारायचं काय ते सगळं तोंडाशी आलं असेल. पण तो एवढंच म्हणाला, "हात द्या." त्यानं अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची पेरं दाबून बघितली आणि हळहळला, "किल्ल्या फिरवायचं काम केलंत का? पेरं लई जाड झालीत."

"तीस वर्षं."

पहिली बांगडी पेरावरच गेली. "वाढली," कासार म्हणाला. बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही. दुसरीही वाढली. तिसरीच्या वेळी त्यानं हाताला साबण लावला आणि ती घासत, दुखवत, शेवटी मनगटावर येऊन बसली. मग तीन आणखी बसल्या. आशाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फकिरा ते साबणामुळं झालं असावं अशा बेतानं खाली बघत राहिला.

पिशवीत फोन वाजत होता. 'दादा', 'दादा', 'विश्वजीत', पुन्हा 'दादा'. त्यांनी उचलला नाही. उचलला असता तर भावाचा आवाज ऐकून पाघळल्या असत्या, हे त्या स्वतःला ओळखून होत्या. चिकलठाण्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढं शेंद्र्याची एस.टी. पहिल्यांदा त्यांनी हात पदराखाली लपवला. समोरच्या बाकावरची बाई बघतेय असं वाटून आणखी आत ओढला. मग बांगड्यांचा आवाज व्हायचाच, म्हणून एके ठिकाणी कंटाळून हात बाहेर काढून खिडकीच्या गजावर ठेवला. कोणी बघितलं नाही. बाई तिच्या फोनमध्ये होती.

उजव्या हाताला शेत आलं. आशाबाई बसमध्ये उभ्या राहिल्या. तूर कमरेइतकी उभी होती, दादानं खरंच एकही कोपरा पडीक ठेवलेला नव्हता. मध्ये तो बोर्ड. मनकर्णाबाई जिथं उभ्या होत्या तो बांध कंपनीच्या रस्त्यात अर्धा गेला होता.

कारखान्याच्या गेटसमोर पाळी सुटायला अर्धा तास होता. तो अर्धा तास त्यांनी झाडापासून गेटापर्यंत आणि गेटापासून झाडापर्यंत काढला. पहारेकरी म्हणाला, "मावशी, बसा ना." त्या म्हणाल्या, "तुम्ही बसता का ड्यूटीवर?"

भोंगा झाला. माणसांच्या लोंढ्यात निळी टोपी घातलेली सोनिया दिसली. तिनं आधी आत्याचा चेहरा बघितला, मग मनगट, आणि जागीच थांबली.

"आत्या!"

"हात कर पुढं," आशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज धापेनं फाटला होता. "बांधावर नाय जमणार, बांध अर्धा गेलाय. इथंच कर."

त्यांनी डाव्या हातातली एक बांगडी ओढायला सुरुवात केली. घालायला जेवढा त्रास, त्याहून काढायला जास्त. पेर लालभडक झालं. निघाली एकदाची. सोनियानं हात पुढं केला होता, पण बोटं मिटलेली होती.

"आत्या, लाईनवर काच चालत नाय. पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्या पोरींच्या काढून ठेवायला लावल्या. घड्याळ बी नाय. मी घालीन गं, पण उद्या सकाळी काढावी लागंल." तिचे डोळे भरून आले. "मग ते जाईल का?"

आशाबाईंनी तिच्या हाताकडं बघितलं. उघडा, स्वच्छ, हातमोज्यानं पांढरा पडलेला, कामाचा हात. मग आपल्या हाताकडं बघितलं. आणि त्यांना अचानक हसू आलं, अकरा वर्षांच्या असताना त्या बांधावर आलं होतं तसं, आवरेना असं.

"कुठं जातंय?" त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं मी मोकळ्या हातानं ते धरून होते. मलाच ठाऊक नव्हतं." त्यांनी बांगडी सोनियाच्या डब्याच्या पिशवीत टाकली आणि चेन लावली. "ही ठेव घरी. अन् उद्या सुट्टी टाक. आधार कार्ड आण, दोन फोटो आण. तुझ्या नावानं बक्षीसपत्र करू. ह्या वेळी कागद आधी, बांगडी मागून."

फोन पुन्हा वाजू लागला. या वेळी आशाबाईंनी तो उचलला. सोनियाला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. आधी आप्पासाहेब ओरडले, मग समजावू लागले, मग त्यांचा आवाज बसला आणि ते म्हणाले, "आशा, अगं, माहेर तुटंल तुझं."

आशाबाई उभ्याच होत्या. पण गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांचे पाय हलत नव्हते.

"राबलास तू, दादा. तूर चांगली हाय, बघितली मी. ह्या सालाचं पीक तूच घे," त्या म्हणाल्या. "पण सही नाय. आज नाय, उद्या बी नाय. अन् भाऊबिजेला मी येणार हाय. बोलावलं तरी येणार, नाय बोलावलं तरी येणार. ताटात बांगड्या ठेव."